चौथा ठोका

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीचा शेवट ज्यानं ओळखला त्याला माझी अर्धी मिशी बक्षीस. इथंच बसून भादरून घ्या, मी हू का चू करणार नाय. आजवर लय जणांनी मांडीवर थाप मारून सांगितलं, "म्हातारबुवा, कळलं, कळलं!" आन् मिशी बघा, हाय तशी हाय.

दुसरं एक. भूत म्हणलं की तुम्हाला अमावस्या लागती, पिंपळ लागतो, लांब कुठंतरी कुत्रं रडावं लागतं. इथं त्यातलं काय मिळायचं नाय. इथं मे महिन्याची दुपार हाय आन् सातपूरचं पत्र्याचं शेड हाय. घाम पुसायला फडकं घ्या आन् ऐका.

तर शनिवार होता. गोरक्ष घरून निघाला तो गिटारची तार आणायला. पोरगा अंबडला कंपनीत सीएनसी मशीनवर कामाला, पण जीव सगळा गिटारीत. मेनरोडला तार घेतली, नवसाबाईनं म्हणजे त्याच्या आईनं कोथिंबीर सांगितली होती ती घेतली, जुडी गिटारच्या पिशवीत खोचली आन् गाडी सातपूरकडं वळवली. शनिवारी कारखान्यांना सुट्टी. एरवी जिथं टेम्पो, रिक्षा, डब्याच्या पिशव्या यातनं वाट काढावी लागती, तिथं रस्त्यावर नुसतं ऊन पडलेलं.

लायनीतलं शेवटचं शेड सावळीरामबाबाचं. म्हाताऱ्याचं लेथचं वर्कशॉप होतं, आता बंद. तिथं या पोरांचा बँड बसायचा. बँड म्हणजे लग्नातला नव्हं हां, टोप्या-झालरवाला. हे आपली गाणी आपणच लिहिणारे. गोरक्ष गिटारवर, ज्ञानेश बास, म्हणजे जाड तारांची गिटार, वाजवायचा, आन् गायला दीपमाला. दीपमालाच्या घरी गुलाबाचं शेत. पहाटे फुलं तोडायची, दुपारी गायची, बोटांवर काट्याचे ओरखडे तसेच. ड्रम वाजवायला अमोल होता. होता म्हणतोय, ध्यानात घ्या.

सावळीरामबाबानं शेड दिलं तेव्हा दोन अटी घातल्या. शटर अर्धं खाली ठेवायचं, आन् मागच्या भिंतीला काय टेकवायचं नाय. शटरची अट समजली, आवाजाची कोणी तक्रार करू नये म्हणून. भिंतीची नाय समजली, पण फुकटच्या जागेत कोण प्रश्न विचारतं? त्या अर्ध्या शटरवरनंच बँडचं नाव पडलं, 'अर्धं शटर'. आत बसलं की बाहेरचं जग नुसतं गुडघ्यापर्यंत दिसायचं. चपला जायच्या, चाकं जायची. आत अंधार, तापलेला पत्रा आन् जुन्या कटिंग ऑइलचा, म्हणजे लोखंड कापताना मशीनवर सोडत्यात त्या तेलाचा वास.

आता अमोल का गेला ते ऐका. ओझरला एका हळदीला यांना वाजवायला बोलावलं. आपलं गाणं सुरू केलं तर नवऱ्याचा मामा स्टेजवर चढला.

"ओ पाव्हणं, कोण मेलंय का? नाचायचं लावा काहीतरी!"

दीपमालानं माईक त्याच्या हातात दिला. "घ्या मामा, तुम्हीच म्हणा. आम्ही नाचतो."

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं, पण बँडचं जेवण बी बुडालं. अमोल परतीच्या वाटंवरच म्हणला, "मी डीजेवाल्याकडं चाललो. तिथं रोज काम हाय. तुमच्या ह्या आपल्या-आपल्या गाण्यानं माझं पोट भरंना." आन् गेला. त्याला नावं ठेवायची नायत. बाकीच्यांच्या बी घरी हेच बोलणं होतं, फक्त दाराआड.

ड्रमवाला नाय, मंग ताल कोण धरणार? तेव्हा ज्ञानेशला ऐकू आलं.

मागच्या भिंतीपलीकडं कुठंतरी पॉवर प्रेस चालायचा. पत्रा दाबायचं मशीन हो, वरनं वजन खाली येतं. शनिवारी बी चालायचा. ठक... ठक... ठक... आन् मंग एक जागा रिकामी. परत ठक, ठक, ठक, आन् रिकामी. घड्याळासारखा, कधी चुकायचा नाय.

"कोणतरी ओव्हरटाइम मारतोय," ज्ञानेश म्हणला, "आन् आपल्याला फुकटात ड्रमर भेटला."

आता वाजवणाऱ्या माणसाची खोड बघा. तुमच्या-माझ्यासारख्याला तीन ठोके ऐकू येत्यात. वाजवणाऱ्याला ती चौथी रिकामी जागाच ऐकू येती. हात शिवशिवतो. गोरक्षनं त्या जागी उजव्या हाताचा तळवा गिटारच्या पोटावर मारला. धप्प! ठक, ठक, ठक, धप्प. तिघं एकमेकांकडं बघून हसली. तिथंच गाणं जन्मलं:

शिफ्ट सुटली, हात धुतले, नखात उरलं तेल,
सांग आई, ह्या हाताचा वास कधी जाईल?

काय गाणं होतं म्हणता! कोणाची नक्कल नाय, कोणाचा उष्टा ताल नाय. सातपूरच्या लोखंडातनं निघालेलं. ज्ञानेशनं प्रेसचा आवाज फोनमधी भरून घेतला, बाहेर वाजवायला कामाला येईल म्हणून. आन् नावं सांगायची वेळ आली की दीपमाला थट्टेनं म्हणायची, "गिटारवर गोरक्ष, बासवर ज्ञानेश, आन् ड्रमवर आमचे शेजारी!"

भिंतीपलीकडं ठोका पडायचा. ठक. जणू हजेरी दिली.

तर त्या शनिवारी गोरक्षनं तार चढवली, गाणं सुरू झालं, आन् अर्ध्यातच लाइट गेली. ज्ञानेशच्या बासचा आवाज मेला. पंखा थांबला. बाहेर वीजबोर्डाची गाडी उभी होती, खांबावरचा माणूस ओरडून सांगत होता, सगळी लायन बंद केली, संध्याकाळपर्यंत विसरा.

गोरक्ष घाम पुसत तार सारखी करायला वाकला. आन् थांबला.

ठक... ठक... ठक...

"जनरेटर असंल," ज्ञानेश म्हणला. पण हळू म्हणला.

जनरेटर असता तर त्याची घरघर नसती आली? तिघं कान लावून बसली. कुठं घरघर नाय, कुठं पट्टा फिरायचा आवाज नाय, माणसाचं खाकरणं नाय. नुसता ठोका. आन् तेलाचा वास वाढत चाललेला, ताजा, गरम, मशीन चालू असतं तेव्हा येतो तसा.

"चला, बघून येऊ," दीपमाला उठली. "एवढे दिवस साथ देतोय माणूस, तोंड तरी बघू."

लायनीला वळसा घालून तिघं मागं गेली. गोरक्ष पुढं. मागं शेड होतं हो, पण वर पत्रा नाय. नुसत्या भिंती, आत कमरेएवढं गवत, उन्हानं वाळलेलं. गवतात सिमेंटचा एक चौथरा, आन् चौथऱ्यातनं वर आलेले चार गंजके बोल्ट. मशीन कधीचं भंगारात गेलेलं. वारा नाय, पाखरू नाय. आन् त्या रिकाम्या चौथऱ्यावरनं आवाज येत होता. गोरक्षच्या चपलेखाली जमीन हादरत होती. ठक. चौथऱ्याभोवतीचं वाळकं गवत झुकायचं. ठक. परत झुकायचं. ठक.

आन् चौथ्याला गवत नुसतं थांबायचं. वाट बघितल्यासारखं.

"गोरक्ष..." दीपमाला कुजबुजली, "तुझा हात..."

त्यानं खाली बघितलं. चौथ्या जागंवर त्याचा उजवा हात आपोआप मांडीवर पडत होता. त्यानं तो खिशात कोंबला.

परत शेडाकडं आली तर अर्ध्या शटरखाली दोन पाय उभे. कातडी वहाणा, धोतराचा काठ. सावळीरामबाबा. कधी नाय तो चहाची किटली घेऊन आलेला.

"मागं गेला होता ना?" म्हातारा म्हणला. "तरी म्हणलं, लाइट गेली, आता पोरं जाणार."

"बाबा, कोण हाय तिथं?" गोरक्षनं विचारलं.

म्हाताऱ्यानं चहा ओतला.

"पुंजा नाव त्याचं. सायखेड्याकडचा. गावच्या भजनात पखवाज वाजवायचा, असा, की गाणारे गायचं विसरत. हितं प्रेसवर लागला. त्या मशीनला दोन बटणं असत्यात. दोन्ही हातांनी दोन दाबायची, मंगच वजन खाली येतं. म्हणजे हात आत राहायची भीती नाय. पण त्या मालकाला माल लवकर पाहिजे. म्हणून एक बटण चिंधीनं दाबून बांधूनच टाकलेलं, एका हातानं मशीन चालावं म्हणून. पुंजा कामाला बी ताल धरायचा. तीन ठोके मारायचा, चौथ्याला हात आत घालून माल उचलायचा. तीन ठोके, चौथ्याला हात. आम्ही काम सोडून ऐकायचो... आन् एक दिवस चौथ्याला मशीन खाली आलं."

ज्ञानेशनं हातातला कप खाली ठेवला.

"त्यात गेला?" त्यानं विचारलं.

"त्यात हात गेला. माणूस गावी गेला. पखवाज खुंटीवर. मंग थोड्या दिवसांनी माणूस बी गेला. डॉक्टर म्हणले काय कारण नाय. मला ठाऊक हाय कारण." म्हाताऱ्यानं गोरक्षच्या हाताकडं बघितलं. "ती चौथी जागा हाताची हाय, पोरा. तिथं हात घालू नको."

"इतके दिवस घातला की, बाबा. काय झालं?"

"इतके दिवस तुला ठाऊक नव्हतं. नकळत घातलेला हात तो माघारी देतो. जाणून घातलास तर..." पुढचं त्यानं चहाबरोबर गिळलं.

"मंग आधी का नाय सांगितलं?" दीपमाला तापली.

"सांगितलं असतं तर आली असती का तुम्ही?" म्हातारा खाली बघत म्हणला. "शेड लय दिवस मुकं होतं, पोरी."

आता बघा, दुसरी कोणी असती तर पळाली असती. ही बी पळाली असती. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, यांचा शो होता. गंगापूर धरणाच्या अंगाला एका द्राक्षमळ्यात गाण्यांचा मेळा, पुण्या-मुंबईची माणसं येणार. एवढ्या मोठ्या जागी 'अर्धं शटर' पहिल्यांदा. आन् तिकडं कंपनी गोरक्षला चाकणला पाठवत होती, सोमवारी हो का नाय सांगायचं होतं. तिघांचं ठरलेलं, हा बी शो पडला तर गोरक्ष चाकणला जाणार, ज्ञानेश बास विकणार आन् शटर पूर्ण खाली.

"गाणं वाजवू," गोरक्ष म्हणला, "पण चौथी जागा रिकामी सोडू. शप्पथ."

"आईची?" दीपमालानं विचारलं.

"आईची."

रविवारी ऊन उतरायच्या आत ती स्टेजमागं उभी होती. गळ्यात कार्ड घातलेला एक पोरगा आला. "दादा, मेन बँडचा साऊंड लागेपर्यंत तुमचं एक गाणं. एकच हां. आन् लांबवू नका."

एक तर एक. चढले स्टेजवर. समोर माणसं पाठ करून बसलेली, खाण्यात, फोटो काढण्यात दंग. ज्ञानेशनं फोन स्पीकरला जोडून समोर ठेवला, प्रेसचा आवाज सुरू झाला. ठक, ठक, ठक, आन् रिकामी जागा. गोरक्षनं हात रोखला. दीपमाला गायली. चांगली गायली. पण गाण्यात भोक पडलेलं. दर चौथ्याला गाणं ठेचकाळायचं. एक बाई मागं वळून बघून परत प्लेटीत वळली. कार्डवाल्या पोरानं लांबनं हात फिरवला, गुंडाळा म्हणून.

गोरक्षनं दीपमालाकडं बघितलं. ती डोळे मिटून गात होती, ओरखडलेल्या बोटांनी माईक घट्ट धरून. त्याला ओझरचा मामा आठवला. अमोल आठवला. चाकण आठवलं. आन् त्याच्या मनात एवढंच आलं, की हे गाणं आमचं हाय, आन् ते असं मरणार नाय.

त्यानं हात उचलला. जाणून.

धप्प!

अहो, काय सांगू! पहिल्या धप्पला पाठी वळल्या. दुसऱ्याला प्लेटी खाली गेल्या. तिसऱ्याला कोणीतरी त्या जागी टाळी दिली, आन् मंग अख्खा मळा त्या चौथ्या जागेत टाळी मारायला लागला. धरणाच्या पाण्यावरनं आवाज माघारी यायचा. लोकांना शब्द ठाऊक नव्हते, तरी दुसऱ्या फेरीला म्हणायला लागले, सांग आई, ह्या हाताचा वास कधी जाईल. मेन बँडची माणसं वायरी हातात धरून उभी. कार्डवाला पोरगा बी टाळ्या वाजवतोय! सातपूरच्या शेडातनं आलेल्या तीन पोरांनी मळा हलवला. या म्हाताऱ्याची छाती आत्ता सांगताना बी फुगती, तर त्यांची काय झाली असंल?

गाण्याच्या मधी ज्ञानेश सरकत सरकत गोरक्षच्या कानाशी आला. तोंड पांढरं फटक.

"फोन बंद पडलाय."

"काय?"

"उन्हानं तापून बंद पडलाय... मघाचाच... पहिल्या कडव्यात."

ठक, ठक, ठक. स्टेजच्या फळ्यांखालनं येत होता. तळपायाला लागत होता. आन् त्या मोकळ्या द्राक्षमळ्यात, हंगामात मांडवाला घड लटकत्यात तिथं, जुन्या कटिंग ऑइलचा वास सुटला होता, ताजा, गरम.

आता थांबतील का? थांबले नायत! शेवटच्या ओळीपर्यंत वाजवलं. शेवटचे तीन ठोके पडले, गोरक्षनं सगळा जीव एकवटून तळवा गिटारवर मारला...

लोकांनी असा गलका केला की कोणाच्या ध्यानात आलं नाय. गोरक्षच्या आलं. हात लाकडावर बसला, झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या. पण धप्प झालं नाय.

आता तुमच्यातले दोघं-तिघं मनात म्हणत असतील, सोमवारी कंपनीत मशीनमधी हात गेला. बोला की! हाय का नाय? मिशी वाचली माझी. हात हाय. पाची बोटं हायत, नखं हायत. सोमवारी त्यानं चाकणला नाय म्हणून सांगितलं आन् त्याच हातानं पेढे वाटले. त्या हातानं तो नट आवळतो, भाकरी मोडतो, गाडीचा ब्रेक दाबतो. डॉक्टरकडं गेला तर डॉक्टरनं टाचणी टोचली, हा ओरडला. डॉक्टर म्हणला, हात ठणठणीत हाय.

"टाळी वाजवून बघू का?" गोरक्षनं विचारलं.

"वाजवा की."

वाजवली. डॉक्टरनं आपल्या कानात बोट घालून हलवलं. मंग म्हणला, "परत." परत वाजवली. मंग डॉक्टरनं सरळ पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या हाताला आवाज राहिला नाय. तार छेडली तर तार हलती, गप हलती. भांडं आपटलं तर उशी पडावी तसं पडतं. हातोडी मारली तर खिळा मुक्यानं आत जातो.

बँड म्हणाल तर जोरात हाय. सिन्नर झालं, धुळं झालं, पुण्याला दोनदा जाऊन आली पोरं, आन् सगळी आपली गाणी. गोरक्ष आता गिटार उलटी धरून डाव्या हातानं वाजवायला शिकला. बोटं फुटून रक्त आलं, तरी शिकला. अमोल एकदा येऊन मागच्या रांगेत उभा राहून गेला, दीपमालानं बघितलं. कोणी गोरक्षला विचारलं, पस्तावलास का, तर तो म्हणतो, "गाणं आपलं वाजलं ना?"

सावळीरामबाबाच्या शेडात शनिवारी अजून ठोके येत्यात. आता चार येत्यात, रिकामी जागा नाय. तीन लोखंडाचे, आन् चौथा... धप्प. लाकडावर तळवा पडावा तसा. म्हातारा आता भिंतीला पाठ लावून बसतो, डोळे मिटून ऐकतो. ताल पुरा झाला म्हणतो.

एवढंच असतं तर मी तुम्हाला मिशीची पैज लावली नसती. गोरक्षची दार वाजवायची एक रीत होती. लहानपणापासनं तीच, दोनदा पटपट आन् एकदा थांबून. नवसाबाई स्वयंपाकघरातनं ओळखायची. आता तो कामावरनं येतो, दार वाजवतो, आत काय ऐकू जात नाय. उंबऱ्यावर उभं राहून पोराला हाक मारावी लागती, "आई, मी हाय गं."

आन् दुपारी, गोरक्ष अंबडला मशीनवर उभा असतो तेव्हा, घरचं दार वाजतं. दोनदा पटपट, एकदा थांबून. नवसाबाईला ते वाजवणं चुकायचं नाय, पोटच्या पोराचा हात हाय तो. पहिल्यांदा तिनं दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. तेलाचा वास आत आला.

आता ती उघडत नाय. कडीवर हात ठेवून आत उभी राहती, आन् रोज तिचं लेकरू बाहेरनं दार वाजवत राहतं.